लिंक न्हाई म्हणजे नेमकं काय न्हाई?



गटाच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळा येणारा इंग्रजी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून ‘लिंक’ म्हणेन. ‘लोन’ दुसऱ्या नंबरवर. एका बैठकीत ऐकलेली वाक्यं सांगते. “बँकेत लिंकच न्हाई.” “आधार लिंक हाय का बघा की.” “औंदा आपल्या गटाचं लिंकेज करायचं.” “मॅडम, ग्रुपवर लिंक टाका.” आणि निघता निघता एक वहिनी म्हणाल्या, “युरिया आणायला गेलो तर लिंकिंग घ्या म्हणतोय दुकानदार.” शब्द एकच, अर्थ पाच, आणि प्रत्येक ठिकाणी आपण करायचं काम वेगळं. एका अर्थाचा घोळ दुसऱ्यात झाला की चार हेलपाटे आणि दोनशे रुपये गाडीभाडं जातं. कधी कधी खात्यातले पैसेही जातात. म्हणून या अंकात या एका शब्दावरच लिहिते.

लिंक म्हणजे मूळात साखळीतली एक कडी. म्हशीच्या गळ्यातली साखळी आठवा, तिची एकेक कडी म्हणजे एकेक लिंक. इंग्रजांच्या मोजणीत 66 फुटांची साखळी असायची, तिच्यात 100 कड्या, आणि त्या कडीला ‘लिंक’च म्हणायचे. त्या साखळीच्या निम्मी, म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा झाली की आपला एक गुंठा. म्हणजे हा शब्द आपल्या बांधावर मोबाईलच्या कितीतरी आधी येऊन गेलेला आहे. मराठीत ‘दुवा’ हा चांगला शब्द आहे, पण दुवा म्हटलं की आपल्याला आशीर्वाद आठवतो. त्यामुळंच तो मागं पडला असावा, असं मला वाटतं. इंग्रजीत या शब्दाला ना तो ना ती. आपण मात्र त्याची बाई करून टाकली: लिंक आली, लिंक गेली, लिंक तुटली. लाईट येते-जाते तशी.

कडी म्हटली की तिला दोन टोकं आली. ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीचं सोपं जातं. कुणीही ‘लिंक’ म्हटलं की आपण विचारायचं, “कशाची कशाशी?” बँकेतल्या साहेबांनाही विचारायचं. लाजायचं काही कारण नाही, कारण बऱ्याचदा समोरच्यालाही ते नीट सांगता येत नाही.

आता पहिला अर्थ. “आज लिंक न्हाई, उद्या या.” इथं एक टोक म्हणजे आपल्या गावची शाखा आणि दुसरं म्हणजे बँकेचा मुख्य सर्व्हर, जिथं सगळी खाती असतात. पूर्वी खात्याचं लेजर शाखेतच असायचं, कारकून पान उलटून शिल्लक सांगायचा. आता हिशेब दूरच्या सर्व्हरवर, आणि मधली तार किंवा टॉवर बंद पडला की शाखेतल्या माणसाला तुमचं खातं दिसतच नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगराकडच्या बायकांना हे नवीन नाही, पावसाळ्यात तर नाहीच. यात तुमच्या कागदपत्रांचा काही दोष नसतो. खातं ठीक असतं, पैसे ठीक असतात. थांबायचं किंवा परत यायचं, एवढंच. मी तर सांगते, निघण्याआधी बँक सखीला किंवा शाखेच्या जवळ राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारा. हातचा रोज बुडवून जायचं तर खात्रीनं जायचं.

पण याच अर्थात एक पोटअर्थ आहे आणि तिथं मात्र गप्प बसायचं नाही. अंगठा लावून पैसे काढताना मध्येच लिंक गेली, खात्यातून दोन हजार कापल्याचा मेसेज आला, आणि हातात पैसे आले नाहीत. “लिंक गेली हो, येतील परत” असं ऐकून आपण घरी येतो. येतात परत, पण त्याला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 रोजी याचा नियम काढला. एटीएममधून किंवा आधारच्या अंगठ्यानं काढताना असं झालं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत पैसे आपोआप खात्यात परत जमा झाले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेनं द्यायची, तीही आपण न मागता. त्यासाठी पावती जपायची. पावती निघालीच नसेल तर मेसेज पुसायचा नाही आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, रक्कम वहीत लिहून ठेवायची. सहाव्या दिवशी बँकेत लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा.

आता सगळ्यात जास्त रडवणारा अर्थ, आधार लिंक. राधानगरीकडच्या आपल्या गटातल्या एक मावशी आहेत. योजनेचे पैसे शेजारणीला आले, त्यांना नाही. “मी चार येळा जाऊन आलो बँकेत. साहेब म्हणतोय, आधार लिंक हाय. मग माझं पैसं कुणी खाल्लं?” साहेब खोटं बोलत नव्हते आणि मावशीही नाहीत. दोघं वेगवेगळ्या कडीबद्दल बोलत होते.

आधार आणि बँक खातं यांच्यात दोन प्रकारच्या कड्या असतात. खातं काढताना आपण आधारची झेरॉक्स देतो, अंगठा देतो, आणि बँक आपल्या नोंदीत तो नंबर लावून घेते. ही झाली पहिली कडी. ही कितीही खात्यांना असू शकते. दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडं, चार असतील तर चारीकडं. साहेब ‘लिंक हाय’ म्हणतात ते बऱ्याचदा हिच्याबद्दल.

सरकारी पैसे मात्र आधार नंबरवरून यायचे असले की वेगळ्या वाटेनं येतात. त्यासाठी एनपीसीआय नावाच्या संस्थेकडं एक मोठी यादी असते. तुमचा आधार नंबर, आणि त्याच्यासमोर फक्त एका बँकेचं नाव. सरकार पैसे सोडताना तुमचा आधार नंबर सांगतं, यादीत ज्या बँकेचं नाव असेल तिकडं पैसे जातात. बँकेत याला सीडिंग म्हणतात, मॅपिंग म्हणतात, कुणी म्हणतं “डीबीटी चालू करा”, कुणी म्हणतं “एनपीसीआय करून घ्या”. सगळ्यांचा अर्थ ही दुसरी कडी. आपली ओळख गावातल्या चार घरांत असते, पण पोस्टमन पत्र टाकतो ते एकाच पत्त्यावर, तसंच हे. आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेत तुम्ही ही दुसरी कडी जोडली, तिचंच नाव यादीत राहतं. आधीच्या बँकेचं निघून जातं.

मावशींचं तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात अंगठा लावून एक खातं निघालं होतं, ते त्या विसरूनही गेल्या होत्या. पैसे तिकडं जाऊन पडले होते. कुणी खाल्ले नव्हते.

हे एकट्या मावशींचं नाही. 2017 साली देशभर असा गोंधळ झाला होता. सिमकार्डाला आधार जोडायला म्हणून लोकांचा अंगठा घेतला गेला, त्याच अंगठ्यावर कित्येकांची त्या कंपनीच्या पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडं वळली. बायका गॅस एजन्सीत भांडत होत्या आणि पैसे भलतीकडंच जमत होते. शेवटी डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणानं त्या कंपनीचा आधार पडताळणीचा परवाना काही काळ थांबवला. एका ‘लिंक’साठी अंगठा दिला आणि दुसरीच लिंक लागली, असा तो प्रकार. म्हणून अंगठा ठेवण्याआधी विचारायचं, कशाची कशाशी?

आपलं नाव कोणत्या बँकेसमोर आहे ते बघता येतं. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून जागा आहे, तिथं बँकेचं नाव दिसतं आणि चालू आहे की बंद तेही दिसतं. खाते नंबर दिसत नाही. बघायला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणजे इथं तिसरी एक कडी आली, आधारची मोबाईल नंबरशी. ती नसेल, किंवा नंबर लेकाचा आणि लेक पुण्याला, तर आधी आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या. माझं मत विचाराल तर घरातल्या बाईचा नंबर बाईच्याच आधारला असावा. नवऱ्याचा नको, दिराचा नको. चौकशीसाठी आधारचा फोन नंबर 1947 आहे, मराठीतही बोलतात.

बँक बदलायची असेल तर ज्या बँकेत पैसे यावेत असं वाटतं तिथं जायचं आणि “आधार लिंक करा” असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, “डीबीटीसाठी आधार सीडिंग या खात्यावर करा.” त्याचा संमतीचा फॉर्म असतो, आधी कुठल्या बँकेत होतं तेही त्यात लिहायचं असतं. सही करून द्यायचा आणि पोच घ्यायची. आठ-दहा दिवसांनी परत स्टेटस बघायचं.

कशाकशाला आधार जोडायची सक्ती आहे, हाही प्रश्न नेहमी येतो. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलं, सरकारी अनुदान आणि योजनांसाठी आधार मागता येईल, पॅनला जोडायलाही लावता येईल, पण मोबाईल सिमसाठी आणि साध्या बँक खात्यासाठी सक्ती करता येणार नाही. ज्यांच्याकडं पॅनकार्ड आहे आणि आधारला जोडायचं राहिलं, त्यांचं पॅन 30 जून 2023 नंतर निष्क्रिय झालं. ते चालू करायला 1000 रुपये भरावे लागतात. गटाच्या ज्या ताईंना स्वतःच्या नावावर उद्योगाचं कर्ज घ्यायचं आहे, त्यांनी एवढं तपासून ठेवा.

आता आपला घरचा शब्द, लिंकेज. आपल्याकडं “लिंकेज झालं” म्हणजे “कर्ज मिळालं” असाच अर्थ लावतात, बँकवालेसुद्धा. मला हा अर्थ थोडा खटकतो. बचत गट आणि बँक जोडणीचा कार्यक्रम नाबार्डनं 1992 साली सुरू केला, सुरुवातीला देशात फक्त 500 गट धरून. त्यातली कल्पना अशी की कागद, तारण, ओळख काही नसलेल्या बायकांचा गट आणि बँक यांच्यात कायमचं नातं तयार व्हावं. आधी बचत, मग आपसात कर्ज, मग परतफेड, आणि ह्या सगळ्याचा हिशेब बघून बँकेचं कर्ज. म्हणजे लिंकेजचं एक टोक बँक असेल तर दुसरं टोक आपली वही आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री आपण पाठ म्हणतो ती याचसाठी.

पण नातं आहे म्हणून सगळं ऐकून घ्यायचं असं नाही. काही नियम सगळ्यांनी पाठ करावेत असे आहेत. गट सहा महिने चालू पाहिजे असं बँक सांगते, बरोबर आहे, पण ते सहा महिने गटाच्या वहीवरून मोजायचे, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. खातं उघडायला बँकेनं तीन महिने लावले तर ते आपल्या अंगावर नकोत. दुसरं, 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण घ्यायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावायचा नाही, आणि कर्ज देताना “आधी एवढी ठेव ठेवा” असा आग्रह धरायचा नाही. हे रिझर्व्ह बँकेचं लेखी म्हणणं आहे. “तुमची बचत आम्ही लिंक करून ठेवलीय” असं कुणी म्हटलं, तर परत तोच प्रश्न विचारायचा. बचत कर्जाला जोडली म्हणजे अडकवली का? अडकवली असेल तर ते नियमात बसत नाही. असं कुठल्या गटाचं झालं असेल तर आमच्यापर्यंत आणा, महासंघाच्या लेटरहेडवर पत्र देऊ.

सोसायटी, पतसंस्था, नागरी बँक यांच्या कर्जातही ‘शेअर्स लिंकिंग’ असतं. कर्जाच्या ठराविक टक्के रक्कम शेअर्स म्हणून कापून घेतात. 50 हजार मंजूर आणि हातात 48 हजार काहीतरी, याचं एक कारण हे असतं. हे पोटनियमात असतं आणि ते शेअर्स आपल्याच नावावर राहतात, म्हणून त्याचा दाखला मागून घ्यायचा. व्याज मात्र पूर्ण 50 हजारांवर लागतं, हे हिशेबात धरा.

दुकानातलं लिंकिंग मात्र सरळसरळ चुकीचं आहे. युरिया हवा तर सोबत हे टॉनिक घ्या, ती बाटली घ्या, नाहीतर माल संपलाय. उसाच्या भरणीच्या टायमाला कुणालाही हे ऐकायला मिळतं. नावडतं औषध गुळात घालून द्यावं तसं, पण इथं औषधाचे पैसे गुळापेक्षा जास्त! युरियाच्या 45 किलोच्या गोणीवर 266 रुपये 50 पैसे किंमत छापलेली असते, तेवढेच द्यायचे आणि पावती मागायची. अशी सक्ती करणाऱ्या दुकानावर खत नियंत्रण आदेशाखाली कारवाई होऊ शकते. तक्रार पंचायत समितीच्या कृषी विभागात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं करायची. एकटीनं गेलं की “बघू” म्हणतात, दहाजणी गेल्या की लिहून घेतात. हा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

“त्याची वरपर्यंत लिंक हाय” हाही एक वापर. म्हणजे वशिला. कर्ज पास करून देतो, योजनेत नाव घालतो, माझी साहेबांशी लिंक आहे, पाचशे द्या. या कडीचं दुसरं टोक कधीच दिसत नाही. आपल्या गटांच्या कोणत्याही अर्जाला असे पैसे लागत नाहीत.

राहिली मोबाईलवरची लिंक. निळ्या अक्षरांची, खाली रेघ असलेली ओळ. तिच्यावर बोट लावलं की आपण एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. ही कडी म्हणजे दारच. दार कुणाच्या घरात उघडतं ते उंबऱ्यावरच बघायचं, आत गेल्यावर नाही. त्यासाठी ती ओळ वाचायला शिकूया. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. तिथून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंत जे लिहिलंय, त्याचा शेवट बघा. महाराष्ट्र सरकारची जागा असेल तर तो शेवट सहसा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो. ‘लाडकी बहीण’, ‘महाराष्ट्र’, ‘गव्हर्नमेंट’ हे शब्द मधे कुणीही घुसडू शकतं. शेवटी ‘डॉट कॉम’, ‘डॉट एक्सवायझेड’, ‘डॉट टॉप’ असं काही दिसलं तर ते सरकारचं घर नाही. आणि लिंक दाबल्यावर एपीके नावाची फाईल उतरवायला सांगितली तर तिथंच थांबा. लग्नाची पत्रिका म्हणून, बँकेची केवायसी म्हणून, योजनेची यादी म्हणून अशा फाईली येतात. मोबाईलमध्ये बसल्या की तुमचे ओटीपी त्या दुसरीकडं पाठवू शकतात.

अजून एक. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. ओटीपी सांगावा लागत नाही. पिन पैसे जाताना लागतो. “1500 रुपये घ्यायला पिन टाका” असं आलं की समजा, घ्यायचे नाहीत, द्यायचे आहेत.

तरी चुकून दाबलं गेलं, पैसे गेले, तर घरच्यांच्या बोलण्याला भिऊन दोन दिवस गप्प बसू नका. 1930 वर लगेच फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. नंतर बँकेत आणि पोलीस ठाण्यात. सुशिक्षित माणसंही यात फसतात, त्यामुळं “बाईला काय कळतंय” असं कुणी म्हणालं तर सरळ माझ्याशी गाठ घालून द्या.

महासंघाच्या ग्रुपवर मी लिंक टाकते तेव्हा इथून पुढं आधी एक ओळ लिहीन, कशाची आहे आणि उघडल्यावर काय दिसेल. ओळ नसलेली लिंक माझ्या नंबरवरून आली तरी आधी मला फोन करा. पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली सगळी पासबुकं आणा, बंद पडलेलीही, आणि आधारला जो नंबर आहे तो मोबाईल. कुणाचं नाव कोणत्या बँकेसमोर आहे ते एकेकीचं बघून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू. नेटवर्क शाळेच्या कट्ट्यावर चांगलं येतं, तिथंच बसू.